इवन मेअरच्या तीन कॅसेटी

१

रेडिओवर ती धून सुरू झाली तेव्हा सेंगा स्लेटर हॅडॉक मासा साफ करत होती. पहिल्या चार सुरांतच तिच्या हातातला चाकू थांबला. तिला वाटलं, आपल्याला भास होतोय. पण धून पुढे सरकली. फिडल, म्हणजे इथलं व्हायोलिन, खाली उतरली, दुसऱ्या भागात शिरली, चढाच्या आधी जराशी अडखळली आणि वर गेली. तेव्हा सेंगाची खात्री पटली.

"वॉटी, हे ऐकतोयस ना? ही इवनची धून आहे!"

तिचा नवरा वॉटी टेबलाशी बसून उकडलेलं अंडं खात होता. त्यानं मान वर केली नाही.

धून संपली आणि निवेदक लाडात येऊन म्हणाला, "ही होती स्ट्रूअन गेडीसची स्वतःची रचना, 'सोनेरी संध्याकाळ'. व्हिस्कीच्या जाहिरातीतून ती आता घराघरांत पोचली आहे. येत्या शनिवारी पोर्टहेली बंदरावर स्मारकाचं अनावरण होईल, तेव्हा स्ट्रूअन ती स्वतः वाजवणार आहे."

सेंगानं चाकू फळीत रोवला.

'ज्युनिपर' ही मासेमारीची बोट चाळीस वर्षांपूर्वी पोर्टहेलीच्या पाच माणसांना घेऊन बुडाली होती. त्यातला एक इवन मेअरचा भाऊ. इवन म्हणजे गावातल्या बँडचा फिडलवाला. सेंगा त्याच्या शेजारी बसून तीस वर्षं अकॉर्डियन वाजवत आली होती. छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळल्यावर त्यानं त्या पाच जणांसाठी एक धून केली. जुन्या कॅसेट रेकॉर्डरवर ती तीनदा वाजवली आणि एकेक कॅसेट तिघांना दिली. एक मुलीला, म्हणजे इश्बेलला. एक ड्रम वाजवणाऱ्या दोड कारगिलला, कारण त्याचा बाप त्याच बोटीवर होता. आणि एक सेंगाला. अट एकच, बंदरावर त्यांच्या नावाचा दगड बसेपर्यंत ही धून बाहेर वाजवायची नाही. इवन जाऊन दोन वर्षं होत आली होती. दगड आता शनिवारी बसणार होता.

"तिघांपैकी कोणीतरी दिली," सेंगा म्हणाली. रागानं तिचा आवाज घोगरा झाला होता. "त्या पाच जणांवर दारू विकतायत, वॉटी!"

"दोड असणार," वॉटीनं तोंड पुसलं. "मार्चमध्ये डोळे तपासायला इनव्हरनेसला गेलो होतो ना, तेव्हा त्याला स्ट्रूअनबरोबर पाहिलं. स्टेशनसमोरच्या कॅफेत बसले होते."

"आणि हे मला आज सांगतोस?"

"तू कुठे विचारलंस?"

२

मंगळवारी दुपारी हॉलमध्ये सराव होता. दोड ड्रमच्या पट्ट्या आवळत होता. हा अंगानं दांडगा पण बोलायला कंजूष माणूस, बंदरावर क्रेन चालवायचा. सेंगानं अकॉर्डियन खांद्यावरून उतरवायचीही वाट पाहिली नाही.

"तुझी कॅसेट कुठे आहे, दोड?"

"का?"

"स्ट्रूअन गेडीस ती धून जगाला वाजवून दाखवतोय. कुठे आहे कॅसेट?"

बँडमधल्या बाकीच्या चौघांनी आपापली वाद्यं खाली ठेवली. इश्बेल तेवढी तिथे नव्हती, तिची मासळीच्या कारखान्यात पाळी होती.

"माझ्याजवळ नाही," दोड म्हणाला.

"मग कोणाजवळ आहे?"

"ते तुला सांगायची गरज नाही."

"बरं. मार्चमध्ये इनव्हरनेसला स्ट्रूअनबरोबर काय करत होतास? की तेही सांगायची गरज नाही?"

दोडचा चेहरा लाल झाला. "त्यानं दौऱ्यावर ड्रम वाजवायला बोलावलं होतं. मी नाही म्हणालो. कॉफी संपवली आणि घरी आलो."

"वा! एवढ्या मोठ्या माणसाला नाही म्हणायला तू शंभर किलोमीटर गेलास?"

"तोंडावर नाही म्हणायला गेलो. माझ्यात तेवढं सभ्यपण आहे. तुझ्यात दिसत नाही."

सेंगाचा तोल सुटला. तुझा बाप त्या बोटीवर बुडाला आणि तू त्याला बाटलीत भरून विकलास, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. या बँडमध्ये आता तुझं काम नाही, असंही म्हणाली. कोणी मध्ये पडलं नाही. सेंगाच्या रागाच्या मध्ये पडायची पोर्टहेलीत पद्धत नव्हती.

दोडनं काठ्या खिशात घातल्या. दारापर्यंत गेला आणि वळला.

"इनव्हरनेसला मला पाहिलं म्हणणाऱ्याला एक विचार," तो म्हणाला. "तो स्वतः त्या कॅफेत कशाला आला होता?"

दार आपटलं. सेंगानं ते वाक्य ऐकलं, पण कानामागे टाकलं. चोराला काहीतरी बोलावंच लागतं, असं तिला वाटलं.

३

स्ट्रूअन गेडीस बुधवारी हॉटेलात उतरला. लहानपणी तो इवनकडे फिडल शिकायला यायचा. दुसऱ्याच्या सुरावटी आपल्या म्हणून सांगतो, म्हणून इवननं दोन वर्षांत त्याला घरी पाठवलं होतं. आता त्याच्या अंगावर महागडा लोकरी कोट होता आणि चेहऱ्यावर छापील हसू.

"सेंगामावशी! बसा, चहा मागवतो."

"चहा राहू दे. ती धून तुला कुठे सापडली?"

"सापडली? सुचली. तळ्याकाठी फिरताना."

"असं का? मग दुसऱ्या भागात चढाच्या आधी थांबतोस, ते का?"

त्याचा चेहरा खुलला. हा प्रश्न त्याला आवडणारा होता. "तोच तर त्या धुनेचा प्राण आहे. परीक्षणात लिहून आलंय, लाट फुटण्याआधी श्वास रोखते तसं. तिथे मी प्रकाश पाहतो, मावशी."

"आणि पट्टी कुठली धरलीस?"

"काळी पाच."

"फिडलवाला माणूस आपण होऊन काळी पाच धरतो? मोकळ्या तारांची नीट साथ मिळत नाही. सफेद सहात धरली असतीस तर बोटं आपोआप पडली असती."

"तशीच सुचली," तो म्हणाला, पण यावेळी जरा उशिरानं.

सेंगा पुढे वाकली. "स्ट्रूअन, ती पाच माणसांची धून आहे. त्यांच्या घरच्या तीन म्हाताऱ्या अजून या गावात आहेत. शनिवारी त्या पहिल्या रांगेत बसतील. त्यांच्यासमोर तू वाजवणार?"

त्याचं हसू क्षणभर विरलं. धून त्या पाच जणांची आहे हे त्याला माहीत नसावं, असं तिला वाटलं. पण पुन्हा ते छापील हसू आलं.

"पुरावा असेल तर वकिलाकडे द्या. आणि मला फाडून खाण्याआधी तुमच्या स्वतःच्या माणसाला विचारा ना."

"त्याला विचारलंय. हाकललंय त्याला बँडमधून."

"कोणाला?"

"दोडला."

स्ट्रूअननं तिच्याकडे पाहिलं आणि मग तो हसला. मनापासून, पोट धरून हसला. सेंगा हॉटेलच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आली तरी ते हसू तिच्या कानांत होतं.

४

"काय केलंस तू?" इश्बेल ओरडली.

ती कारखान्यातून नुकतीच आली होती, पायांत अजून रबरी बूट होते. सेंगानं दोडची हकिगत जरा अभिमानानंच सांगितली होती.

"मावशी, दोडची कॅसेट जमिनीखाली आहे! जानेवारीत त्याची आई गेली ना, तिला शेवटचे कपडे घालायला मी होते. दोडनं ती कॅसेट तिच्या हाताखाली ठेवली. म्हणाला, बाबांची धून आहे, तिच्याबरोबर जाऊ दे. मला शपथ घातली कोणाला सांगायचं नाही म्हणून. तुला सांगून आज ती मोडली मी."

सेंगानं खुर्ची ओढून घेतली.

"आणि पुरण्याआधी त्यानं दिली असली तर?" ती म्हणाली. पण म्हणताना तिला स्वतःचाच आवाज आवडला नाही.

इश्बेल तरातरा आत गेली. कपाटातून एक पाकीट काढून तिनं टेबलावर टाकलं. चिकटवलेलं, त्यावर इवनच्या हातची सही, सहीवरून गेलेली चिकटपट्टी. तशीच्या तशी. "ही माझी. आजवर ऐकायचा धीर झाला नाही. आता फोड तूच."

सेंगा घरी जाऊन इवनचा जुना रेकॉर्डर घेऊन आली. इवन गेल्यावर तो इश्बेलनं तिलाच दिला होता. सेंगा रोज संध्याकाळी स्वयंपाक करताना त्यावर आपली कॅसेट ऐकायची. येताना तिनं तीही पिशवीत टाकली.

पाकीट फाटलं. खरखर आली, मग इवनचा आवाज. "इश्बेल, ही तुझी." इश्बेलनं तोंडावर हात धरला. फिडल सुरू झाली. पहिला भाग झाला. दुसरा आला, खाली गेला आणि कुठेही न अडखळता सरळ वर चढला.

"थांब," सेंगा म्हणाली. "मागे घे."

पुन्हा तेच. थांबणं नव्हतंच. दोन वर्षं सेंगाला वाटत होतं की धून अशीच आहे, त्या जागी थांबून वर जाणारी. तिनं दुसरी ऐकलीच नव्हती.

तिनं आपली कॅसेट आत सारली आणि कान यंत्राला टेकवला. धून चढाशी आली, अडखळली. त्या अडखळण्याच्या तळाशी, अगदी बारीक, दाबलेला एक आवाज होता. रोज कांदा परतण्याच्या आवाजात तो तिला कधी ऐकू आला नव्हता.

इवन खोकला होता. तोंड मिटून, छातीतल्या छातीत खोकून त्यानं तो गिळला होता आणि धून पुढे नेली होती.

"प्रकाश पाहतो म्हणे," सेंगा पुटपुटली. "मरणाऱ्या माणसाचा खोकला चोरलाय त्यानं. आणि तो प्राण आहे म्हणून मिरवतोय!"

इश्बेलनं यंत्र बंद केलं. मग हळूच म्हणाली, "पण मावशी, ही तर तुझी कॅसेट."

५

सेंगानं अकॉर्डियन काढली आणि यंत्रातल्या इवनबरोबर सूर लावून पाहिला. सफेद सहा. स्ट्रूअनची रेकॉर्ड इश्बेलच्या फोनवर लावली. काळी पाच. बरोबर अर्धा सूर वर, आणि लयही तेवढीच घाईची.

"हे यंत्र हळू चालतं," ती म्हणाली. "त्याला दम लागतो, असं तुझा बापच म्हणायचा. म्हणजे यावर भरलेली कॅसेट यावरच खरी वाजते. नीट चालणाऱ्या यंत्रावर ती चढीच ऐकू येणार. स्ट्रूअननं ऐकली ती दुसऱ्या यंत्रावर उतरवलेली. त्या गाढवाला वाटलं, पट्टीच ती आहे."

"आता कॅसेटचं यंत्र आहे कोणाकडे?"

गावात ते एकाच ठिकाणी होतं.

वाचनालयातली नेटी रॉस जुन्या लोकांच्या आठवणी, गाणी, काय मिळेल ते उतरवून ठेवायची. गुरुवारी सकाळी सेंगा दारात दिसताच तिनं विचारलं, "काय गं, दुसरीही प्रत हवी का?"

"पहिली कोणी नेली?"

"म्हणजे काय? तुझ्या वॉटीनं." नेटीनं वही उघडून तिच्यासमोर सरकवली. "तूच पाठवलं होतंस ना? कॅसेट जुनी झाली, तुटायच्या आत प्रत काढून ठेवायचीय म्हणाला. मी म्हटलं, बघा बाई, नवरा किती जपतो."

चौदा मार्च. वॉल्टर स्लेटर. सही ठसठशीत होती.

तेव्हा कुठे दोडचं ते वाक्य सेंगाच्या डोक्यात शिरलं. दोडला इनव्हरनेसच्या कॅफेत पाहणारा एकच माणूस होता. डोळ्यांचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. मग तो स्टेशनसमोरच्या कॅफेत, बरोबर स्ट्रूअन तिथे असताना कशाला गेला होता?

ती घरी आली तेव्हा वॉटी कुंपणाला रंग देत होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"नेटीनं सांगितलं वाटतं," तो म्हणाला.

"तू सांग."

"काय सांगू? दिली मी त्याला. पैसे नाही घेतले, एक दमडी नाही. तो म्हणाला, कोणाची आहे? मी म्हटलं, कोणाचीच नाही."

"का?"

वॉटीनं हात पँटला पुसले, रंग तिथे लागला. "दोन वर्षं, सेंगा! रोज संध्याकाळी तो मेलेला माणूस माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसत होता. 'सेंगा, ही तुझी.' रोज! मी समोर बसून बटाटे खायचो आणि तू डोळे मिटून उभी. तो जिवंत होता तेव्हा आठवड्यातून दोनदाच यायचा. मला वाटलं, ती धून दुकानात, रस्त्यावर, सगळीकडे वाजायला लागली की तुला तिचा वीट येईल. तुझी म्हणून काही उरणार नाही."

"आणि दोडचं नाव घेतलंस?"

"तू कोणाला तरी धरणारच होतीस. तुझा राग मी चाळीस वर्षं पाहतोय." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "होतं का काही? तुमच्यात?"

"नव्हतं," सेंगा म्हणाली. "एवढंच विचारायचं होतं ना? तीस वर्षं तोंड उघडलं नाहीस, आणि उघडायच्या ऐवजी पाच बुडालेल्या माणसांना दारूच्या गुत्त्यावर नेऊन उभं केलंस. इवनवर जळत होतास तर कॅसेट चुलीत घालायचीस. मी समजले असते. हे नाही समजणार."

"मग आता काय करणार आहेस?"

"शनिवारी हॉलमध्ये ये. आणि पुढे बस. मागे लपू नकोस."

६

शनिवारी पाऊस होता म्हणून दगडावरून कापड दूर केल्यावर सगळे हॉलमध्ये आले. नगरपालिकेच्या माणसानं स्ट्रूअनचं नाव पुकारलं आणि तो फिडल घेऊन उठला. त्याच्या आधी सेंगा मंचावर होती.

"बस खाली," ती म्हणाली. "दोन मिनिटं. मग वाजवावंसं वाटलं तर वाजव."

तिनं रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि त्याच्यापुढे मायक्रोफोन लावला. आधी इश्बेलची कॅसेट, मग स्वतःची. इवनचा आवाज हॉलभर घुमला तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला. धून चढाशी आली. "आता कान द्या," सेंगा म्हणाली, आणि त्या शांततेत इवन मेअर दोनशे माणसांसमोर खोकला.

सेंगानं एकेक गोष्ट सांगितली. तिन्ही कॅसेटींसाठी धून वेगवेगळी वाजवलेली, म्हणून तो खोकला एकीवरच. दमलेलं यंत्र आणि अर्धा सूर. वाचनालयातली वही.

"स्ट्रूअन गेडीस इवनकडे दोन वर्षं शिकला. त्याचा हात तो डोळे मिटूनही ओळखेल. कोणाचीच नाही म्हणून सांगितलं तरी त्याला माहीत होतं कोणाची आहे. बोल रे, नव्हतं माहीत?"

स्ट्रूअननं तिच्याकडे पाहिलं, पहिल्या रांगेतल्या तीन म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्यातली सर्वांत थोरली, बेट्सी कौवी, नुसती त्याच्याकडे बघत होती. तिचे दोन मुलगे 'ज्युनिपर'वर होते.

"होतं," तो म्हणाला. फिडल पेटीत ठेवायला त्याला बराच वेळ लागला. पेटीची कडी त्याला लावताच येईना.

"आता दुसरं," सेंगा म्हणाली. "ती कॅसेट माझ्या घरातून गेली. माझ्या नवऱ्यानं नेली. आणि मी चोर म्हणून दोड कारगिलचं नाव घेतलं, त्याच्या बापावरून बोलले, त्याला बँडमधून हाकललं. त्याचा काडीचा संबंध नव्हता. हे मी याच हॉलमध्ये बोलले होते, म्हणून इथेच परत घेते."

वॉटी दुसऱ्या रांगेत बसला होता. शेजारच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. तो हलला नाही.

मग इश्बेलनं फिडल उचलली आणि धून वाजवली, कुठेही न थांबता. सेंगानं साथ दिली. ड्रम नव्हता. दोड हॉलमध्ये आलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात जाहिरात बंद झाली. रेकॉर्डवर इवनचं नाव यायला महिना लागला. वॉटी बहिणीकडे राहायला गेला. तो परत येणार का, हे लोकांनी सेंगाला विचारलं नाही, तिनंही कोणाला सांगितलं नाही.

त्या शनिवारी मात्र ती हॉलमधून निघाली ती सरळ बंदरामागच्या गल्लीत गेली आणि दोडचं दार वाजवलं.

त्यानं अर्धंच उघडलं. "ऐकलं मी. तिघांनी फोन करून सांगितलं."

"चुकले मी, दोड."

"संशय घेतलास त्याचं काही नाही. तिघंच होतो, कोणावर तरी जाणारच. पण स्ट्रूअनला मी नाही म्हणालो, असं तुला सांगितलं होतं, सेंगा. वीस वर्षं तुझ्यामागे बसून ताल धरतोय. मी नाही म्हणालो, ते तुला पुरलं नाही."

दोडनं दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

सेंगा पायरीवर उभी राहिली. केसांतून पाणी मानेवर उतरत होतं. पहिल्यांदाच तिला आपल्या रागाचा राग आला, इतका की दात कडकड वाजले. समोरच्या खिडकीतून कोणीतरी पडदा सारून बघत होतं. बघू दे.

तिनं पुन्हा दार वाजवलं.